पुस्तक घेऊन नवेगावबांधला

महाराष्ट्राच्या नकाशावर अगदी पूर्वेच्या टोकाला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमांना खेटून गोंदिया जिल्हा वसला आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. बाहेरच्या व्यापाऱ्याला गोंदिया म्हटले की धान आणि राईस मिल आठवतात. जुन्या पिढीला विडी आणि तेंदूपानाचा हंगामही आठवतो. मुंबई-हावडा लोहमार्गावरील हे मोठे जंक्शन. याच मार्गाने गुजरात आणि राजस्थानातून आपल्या समाजातील कित्येक कुटुंबे येथे आली, पेढ्या उभ्या राहिल्या, पुढे मंदिरे, उपाश्रय आणि पाठशाळा झाल्या. या भूमीने आपल्याला धान्य दिले, व्यापार दिला आणि प्रतिष्ठा दिली. तिने मराठी वाचकाला काही उत्तम पुस्तकेही दिली आहेत, ही गोष्ट मात्र आपल्या घरांत फारशी कोणाला ठाऊक नसते. ती पुस्तके आणि ती जेथे जन्मली ती ठिकाणे यांची ओळख करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

बँकेच्या नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही परिचितांच्या घरी जाण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. मुलांच्या खोलीतील पुस्तकांच्या कपाटाकडे माझी नजर आपोआप वळते. तेथे शाळेची पुस्तके असतात, शिकवणी वर्गाच्या जाड वह्या असतात, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके असतात. क्वचित परीकथा किंवा चित्रकथाही दिसतात. परीक्षेसाठी नसलेले, तरीही खऱ्या जगाविषयी सांगणारे पुस्तक मात्र अभावानेच आढळते. माहिती म्हणजे गुण मिळवण्याचे साधन आणि गंमत म्हणजे गोष्ट, अशी वाटणी आपण नकळत करून टाकली आहे. त्यामुळे माहितीतही गंमत असू शकते, किंबहुना खऱ्या गोष्टीचे नवल कल्पित गोष्टीपेक्षा अधिक काळ टिकते, हा अनुभव मुलांना येतच नाही.

वस्तुतः मराठीत या प्रकारच्या लेखनाचा सन्मान करण्याची सोय आहे. महाराष्ट्र शासनाच्या राज्य वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचे जे विभाग आहेत, त्यांत कविता, कथा, कादंबरी आणि नाटक यांच्या बरोबरीने सर्वसामान्य ज्ञानाचा म्हणजे छंद व शास्त्रे यांचा स्वतंत्र विभाग आहे. त्या पुरस्काराला 'साधना' साप्ताहिकाचे संपादक यदुनाथ थत्ते यांचे नाव दिलेले आहे. साहित्य अकादमीने २०१० पासून बालसाहित्याला स्वतंत्र पुरस्कार देण्यास आरंभ केला. मराठीतील पहिला मान अनिल अवचट यांच्या 'सृष्टीत... गोष्टीत' या पुस्तकास मिळाला. त्यानंतरच्या मराठी यादीवर दृष्टी टाकली तर कथा, कादंबरी आणि कविता यांचेच प्राबल्य दिसते. ते वाईट आहे असे नाही. पण त्यामुळे माहितीपर पुस्तकांकडे पालकांचे लक्ष जाणे अधिकच अवघड होते.

परदेशात काय आहे, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत बालसाहित्यासाठी दिले जाणारे न्यूबेरी पदक १९२२ साली प्रथम दिले गेले. ते पहिले पदक राजाराणीच्या कथेला मिळाले नाही. हेंड्रिक व्हॅन लून या लेखकाने मुलांसाठी लिहिलेल्या मानवजातीच्या इतिहासाला मिळाले. पुढे माहितीपर पुस्तकांसाठी वेगळे पदक असावे, असे तेथील ग्रंथपालांना वाटले आणि २००१ पासून सायबर्ट पदक सुरू झाले. रॉबर्ट सायबर्ट हे प्राध्यापक नव्हते की शास्त्रज्ञही नव्हते. ग्रंथालयांना टिकाऊ बांधणीची पुस्तके पुरवणाऱ्या एका कंपनीचे ते दीर्घकाळ अध्यक्ष होते. एका व्यावसायिकाच्या नावाने मुलांच्या ज्ञानग्रंथांचा गौरव होतो, ही गोष्ट आपल्यासारख्या व्यापारी समाजाने लक्षात ठेवावी अशी आहे.

तथापि पुरस्कार हा मालावरील छापासारखा आहे. छाप पाहून आपण थांबतो, माल हातात घेतो. पण गिरणीमालक पोत्यातून मूठभर धान काढून, तळहातावर चोळून, तांदळाचा दाणा दाताखाली धरून पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. माहितीपर पुस्तकाचे एक मोठे वैशिष्ट्य असे, की त्याचाही दाणा तपासून पाहता येतो. परीकथेतील उडता गालिचा कोणी पडताळून पाहू शकत नाही. एखाद्या पक्ष्याविषयी पुस्तकात जे लिहिले आहे ते मात्र तलावावर जाऊन पडताळता येते. गोंदिया जिल्ह्यातील मुलांचे भाग्य असे, की मराठीतील वनविषयक उत्तम पुस्तकांपैकी काहींचा माल त्यांच्या घरापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर प्रत्यक्ष उपलब्ध आहे.

या पुस्तकांचे कर्ते मारुती चितमपल्ली हे मूळचे सोलापूरचे. ५ नोव्हेंबर १९३२ हा त्यांचा जन्मदिवस. कोइमतूर येथे वनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते महाराष्ट्राच्या वनखात्यात रुजू झाले आणि १९९० मध्ये निवृत्त झाले. नोकरीच्या काळात नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा अरण्यांत त्यांचे वास्तव्य घडले. वनाधिकारी पुष्कळ होऊन गेले. परंतु दिवसभर जे पाहिले त्याची रात्री कंदिलाच्या उजेडात नोंद करणारे आणि त्या नोंदींतून वाङ्मय निर्माण करणारे विरळाच. 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा', 'रातवा', 'नवेगावबांधचे दिवस' ही त्यांच्या पुस्तकांची नावेच वाचकाला रानात घेऊन जातात. त्यांच्या अनेक पुस्तकांना राज्य शासनाचे पुरस्कार लाभले. २००६ साली सोलापूर येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, सोलापुरात त्यांचे निधन झाले.

ही सर्व पुस्तके केवळ मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाहीत, हे खरे. पण बारा-चौदा वर्षांचे वाचते मूल त्यांत सहज रमते, कारण लेखक वाचकाला शिकवायला बसत नाही, बरोबर घेऊन चालतो. त्यांच्या ग्रंथसूचीत 'चित्रग्रीव : एका कबुतराची कथा' हेही एक नाव आहे. मूळ पुस्तक कोलकात्याजवळ जन्मलेल्या धनगोपाल मुखर्जी यांनी इंग्रजीत लिहिले आणि १९२८ चे न्यूबेरी पदक त्याला मिळाले. म्हणजे अमेरिकेत गाजलेले एका भारतीय कबुतराचे चरित्र मराठी मुलांपर्यंत आले ते आपल्या या अरण्यांत वावरलेल्या लेखकाच्या हातून.

नागझिऱ्याचेही असेच आहे. तिरोडा आणि साकोली यांच्या दरम्यान पसरलेल्या या अरण्यात व्यंकटेश माडगूळकर येऊन राहिले आणि त्यांनी 'नागझिरा' हे लहानसे पण विलक्षण पुस्तक लिहिले. वानरांच्या टोळीवरील त्यांच्या 'सत्तांतर'ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे पक्षिअभ्यासक किरण पुरंदरे याच रानात चारशे दिवस राहिले आणि 'सखा नागझिरा' हे पुस्तक सिद्ध झाले. नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हा पर्यटकांची गर्दी वाढली. परंतु या अरण्यांची खरी ओळख त्याआधीच पुस्तकांनी मराठी वाचकाला करून दिली होती.

गेल्या वर्षी ज्ञानपंचमीनंतरच्या एका रविवारी नात आणि नातू यांना घेऊन आम्ही नवेगावबांधला निघालो. नात सातवीत, नातू चौथीत. ज्ञानपंचमीच्या दिवशी उपाश्रयात मांडलेल्या ग्रंथांना दोघांनी वासक्षेप वाहिला होता. त्या वेळी नातवाने विचारले होते, "दादाजी, पूजा झाली की ही पुस्तके वाचायची नाहीत का?" त्या प्रश्नाचे उत्तर या सहलीने द्यावे, असे मनाशी होते. बरोबर 'पक्षिकोश' आणि 'नवेगावबांधचे दिवस' ही दोन पुस्तके, एक साधी दुर्बीण, उकाळलेले पाणी आणि डब्यात थेपले व खाखरे.

गोंदियाहून गोरेगाव, पुढे कोहमारा आणि तेथून नवेगावबांध असा सुमारे पासष्ट किलोमीटरचा रस्ता. रेल्वेने यायचे तर बल्लारशाकडे जाणाऱ्या मार्गावर देवलगाव हे जवळचे स्थानक. आम्ही पहाटे निघालो. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, मधूनच मळणीचे ढीग आणि धुक्यातून डोके वर काढणारी मोहाची झाडे. मुलांनी नवकारशीचे पच्चक्खाण घेतले होते, म्हणून सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांपर्यंत खाण्यापिण्याचा प्रश्नच नव्हता. पक्षी पाहण्याची उत्तम वेळही तीच असते. हा योग मला फार आवडला.

नवेगावबांधचा तलाव निसर्गनिर्मित नाही, हे प्रथमदर्शनी कोणाला खरे वाटत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील या कोहळी समाजातील पुरुषाने डोंगरांमधल्या जागा बांध घालून अडवल्या आणि सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा हा जलाशय निर्माण केला. भोवतीच्या सात शिखरांना लोक सात बहिणी म्हणतात. कोलू पाटलाला लोकांनी देवपण दिले आणि कोलासूर या नावाने त्याची आठवण राखली. कोहळी समाज हा तलाव बांधण्यात आणि पाण्याचे नियोजन करण्यात निष्णात. जुन्या भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा ही जी ओळख मिळाली, तिच्यामागे अशा लोकांचे कष्ट आहेत. मी मुलांना एवढेच सांगितले, की हे भांडवल तीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी गुंतवले. त्याच्या व्याजावर आजही शेती पिकते आणि हजारो मैलांवरून आलेले पक्षीही जगतात.

बांधावर पोहोचलो तेव्हा पाण्यावरून वाफ उठत होती. पाणवनस्पतींच्या कडेने काळे, गुबगुबीत पक्षी पोहत होते. त्यांच्या कपाळावर पांढरा ठळक टिळा. नातवाने पुस्तक उघडले, चाळले आणि आनंदाने सांगितले, "वारकरी!" कपाळावरच्या टिळ्यामुळे मराठी माणसाने या पक्ष्याला किती समर्पक नाव दिले आहे! पलीकडे शीळ घालीत उडणाऱ्या अडया होत्या. कमळाच्या पानांवरून लांब बोटे टाकीत कमळपक्षी चालत होता. या पक्ष्यांत अंडी उबवण्याचे आणि पिल्ले सांभाळण्याचे काम नर करतो, हे नातीने सांगितले आणि आपल्या भावाकडे अशा काही अर्थपूर्ण नजरेने पाहिले, की मला हसू आवरले नाही.

थोड्या वेळाने केशरी-तपकिरी रंगाची एक जोडी उथळ पाण्यात उतरली. तो चक्रवाक. लडाख-तिबेटच्या उंच प्रदेशात वीण करून हिवाळ्यात आपल्याकडे येणारा हा पक्षी. संस्कृत कवींनी त्याच्या जोडप्याला रात्रीच्या विरहाचा शाप दिला आहे. सूर्यास्त झाला की दोघांनी नदीच्या दोन तीरांवर राहायचे आणि रात्रभर एकमेकांना हाका मारायच्या. नातीला ही कल्पना शाळेतील एका कवितेमुळे माहीत होती. तिने विचारले, "पण खरोखर तसे होते का?"

हाच तो प्रश्न, ज्यासाठी माहितीपर पुस्तके लिहिली जातात. मी तिला सांगितले, की हा कवींचा संकेत आहे. हे पक्षी रात्रीही चरतात आणि चरताना एकमेकांना साद घालतात, त्यावरून ही कल्पना सुचली असावी. तिने लगेच दुसरा प्रश्न केला, "मग हंस दूध आणि पाणी वेगळे करतो, तेही खोटेच?" मी म्हटले, "हंसाला ते जमत नाही. ते काम माणसाला करायचे आहे, म्हणून तर त्याला नीरक्षीरविवेक म्हणतात." कवीने जे सुंदर सांगितले ते सुंदर म्हणून ठेवावे आणि निरीक्षणाने जे सिद्ध होते ते सत्य म्हणून घ्यावे. दोन्हींचा आदर करून दोन्ही वेगवेगळ्या खात्यांत लिहावे. बाराव्या वर्षी हे कळले तर पुढे आयुष्यात जाहिरात आणि वस्तुस्थिती, अफवा आणि बातमी यांतील फरक ओळखायला मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. फिरत्या संदेशांवर विश्वास ठेवून मोठमोठे लोक पैसे गमावतात, अशा काळात ही शिकवण किती मोलाची आहे, हे बँकेत काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

आपल्या समाजातील वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, असे चितमपल्लींचे आणखी एक कार्य आहे. तेराव्या शतकात हंसदेव नावाच्या जैन पंडिताने 'मृगपक्षिशास्त्र' हा संस्कृत ग्रंथ रचला. ग्रंथाच्या प्रारंभी जी कथा येते ती मोठी सूचक आहे. राजा शौडदेव परिवारासह वनात शिकारीला जातो. सैन्याच्या कोलाहलाने भेदरलेले पशुपक्षी पाहून त्याच्या मनात विचार येतो, की हे प्राणी नाहीसे झाले तर वनाची शोभा काय राहील? यांचे आयुष्य, यांचे स्वभाव, यांच्या जाती आपण जाणतो तरी कुठे? मंत्री ताराचंद याच्याद्वारे ते काम हंसदेवाकडे सोपवले जाते आणि सतराशेहून अधिक श्लोकांचा ग्रंथ तयार होतो. प्राण्यांचे प्रकार, रूप, स्वभाव, वीण, गर्भकाळ, आयुर्मान यांचे त्यात वर्णन आहे. त्यातील काही विधाने आजच्या शास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. तरीही शिकारीसाठी उचललेले धनुष्य खाली ठेवून माणूस प्रश्न विचारू लागतो, तेव्हा ज्ञानग्रंथ जन्मतो, हे त्या कथेचे मर्म आजही खरे आहे. या ग्रंथाचे मराठी रूप चितमपल्लींनी सिद्ध केले आणि १९९३ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ते प्रकाशित केले. एका जैन पंडिताचा सातशे वर्षांपूर्वीचा प्राणिग्रंथ मराठीत येण्यासाठी एक वनाधिकारी झटला, याची नोंद आपल्या घराघरांत असायला हवी.

आपल्या पाठशाळेतील मुले शांतिसूरींचे 'जीवविचार प्रकरण' मुखोद्गत करतात. एक्कावन्न गाथांच्या त्या लहानशा ग्रंथात एकेंद्रियांपासून पंचेंद्रियांपर्यंत जीवांचे वर्गीकरण आहे. माझ्या नातीलाही ते पाठ आहे. द्वींद्रिय जीव कोणते, असे विचारले की ती शंख, कवडी, जळू अशी नावे अस्खलित म्हणते. त्या दिवशी बांधाच्या कडेला ओल्या मातीत एक जिवंत गोगलगाय हळूहळू सरकत होती. तिच्याकडे बराच वेळ पाहून नात म्हणाली, "दादाजी, हिला दोन इंद्रिये, पण ही वाट कशी शोधते?" पाठ केलेले नाव आणि समोर हलणारा जीव यांची भेट त्या क्षणी झाली. परंपरेने आपल्याला जीवांची गणना शिकवली. आता त्या गणनेतील एकेक जीव डोळ्यांनी ओळखण्याची सवय मुलांना लावणे आपले काम आहे. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्याविषयीची करुणा बहुधा शब्दापुरतीच राहते.

हे केवळ छंदापुरते नाही, हे सारस पक्ष्यामुळे कळते. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील सर्वांत उंच. उभा राहिला तर माणसाच्या खांद्याला, कधी डोक्यालाही लागेल एवढा. महाराष्ट्रात त्याचा मुख्य आसरा म्हणजे गोंदिया जिल्हा. वैनगंगेपलीकडील बालाघाटातही त्याच्या जोड्या आढळतात. आज या पक्ष्यांची संख्या डझनांत मोजावी इतकी कमी आहे. सारसाचा संसार धानाच्या शेतात असतो. पावसाळ्यात तो बांध्यांत किंवा उथळ पाणथळीत गवताचे मोठे घरटे रचतो आणि बहुधा दोन अंडी घालतो. शेतात वापरली जाणारी विषारी औषधे, आटत चाललेल्या पाणथळ जागा, उच्च दाबाच्या वीजतारा ही त्याच्यावरची संकटे आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, यावरून त्याचे गांभीर्य लक्षात यावे.

नवेगावबांधहून आल्यावर पुढच्या रविवारी आम्ही गोंदियाजवळच्या परसवाडा तलावाच्या बाजूला गेलो. दूरच्या बांधीत सारसांची एक जोडी चरत होती. जवळ न जाता, आवाज न करता, आम्ही रस्त्यावरूनच पाहिले. शेजारच्या शेतात धान बांधत असलेले एक वृद्ध शेतकरी म्हणाले, "पहिले पोट्टे अंडे उचलून नेत. आता आमीच राखतो. थोडं धान तुडवते, पण आमच्या गावचं पाखरू आहे." जिल्ह्यातील पक्षिमित्रांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांची मने वळवली, त्याचे हे फळ. त्या शेतातील धान कोणत्या ना कोणत्या राईस मिलमध्ये येणार, त्याचा तांदूळ आपल्यापैकी कोणाच्या तरी दुकानातून विकला जाणार. म्हणजे सारसाचे घरटे आणि आपली गादी यांच्यामध्ये फार अंतर नाही. शेतकरी आपल्या तुटपुंज्या उत्पन्नातून सारसाचा वाटा सोडतो. त्याच धानाचा व्यापार करणाऱ्या घरातील मुलाला तो पक्षी ओळखता तरी यावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

घरी आल्यावर नातीने जुन्या पद्धतीची एक लाल वही मागितली. तीत ती आता पक्ष्यांचा रोजमेळ लिहिते. तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी, संख्या आणि कोणी पाहिला, असे रकाने आहेत. नाव नक्की नसेल तर तेथे प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह मला सर्वांत मोलाचे वाटते. संशयास्पद रक्कम वेगळी ठेवून पडताळणी झाल्यावरच ती मूळ खात्यात घ्यायची, ही हिशेबाची शिस्त तिने कोणी न सांगता पक्ष्यांना लावली आहे.

आता पालकांसाठी थोडे व्यवहाराचे. मुलांसाठी माहितीपर पुस्तक घेताना पुरस्काराचा उल्लेख अवश्य पाहावा, पण त्याबरोबर चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, लेखकाने तो विषय स्वतः पाहिला किंवा अभ्यासला आहे का. दुसरी, चित्रे आणि छायाचित्रे अचूक व स्पष्ट आहेत का, आणि मजकुराशी त्यांचा मेळ बसतो का. तिसरी, जे अजून कोणालाच नीट कळलेले नाही ते पुस्तक मोकळेपणाने मान्य करते का. सर्वच प्रश्नांची ठाम उत्तरे देणाऱ्या पुस्तकाकडे सावधपणे पाहावे. चौथी, पुस्तक वाचून मुलाला घराबाहेर पडून काही पाहावेसे, मोजावेसे, करून बघावेसे वाटते का. कोणतीही तीन पाने मध्येच उघडून मोठ्याने वाचावीत, नमुना कळतो. विषय पक्ष्यांचाच हवा असेही नाही. धान कसे पिकते, रेल्वेचा सिग्नल कसा चालतो, नाण्यांचा इतिहास काय, तारे कसे ओळखावेत, यांपैकी ज्यात मुलाचे मन असेल तेथून आरंभ करावा.

आणखी एक सूचना समाजापुढे नम्रपणे मांडतो. आपल्याकडे पाठशाळेत, प्रवचनानंतर आणि तपश्चर्येच्या प्रसंगी प्रभावना वाटण्याची सुंदर प्रथा आहे. कधी वाटी असते, कधी डबा, कधी रोख रक्कम. वर्षातून एकदा, ज्ञानपंचमीला किंवा श्रुतपंचमीला, पाठशाळेतील प्रत्येक मुलाला एक चांगले माहितीपर मराठी पुस्तक प्रभावना म्हणून द्यावे आणि ते वाचून झाल्यावर मुलांना एक दिवस नवेगावबांध, नागझिरा किंवा परसवाडा येथे न्यावे. एका पाठशाळेत तीस-चाळीस मुले असतात. एखाद्या पेढीला हा खर्च जड नाही. वही-पेन्सिल आपण देतोच. मुलांनी त्या वहीत काय लिहावे, याची सोय या जिल्ह्यातील तलावांनी आणि लेखकांनी आधीच करून ठेवली आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ त्यासाठी उत्तम. जाताना गडद, साधे कपडे घालावेत, घरट्यांजवळ जाऊ नये, पक्ष्यांना खाऊ टाकू नये आणि सूर्योदयापूर्वी बांधावर पोहोचावे.